सरकारी काउन्सेलिंगचा नंबर लागेपर्यंत

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. मध्येच आलेली कुकरची शिट्टी आणि माझे ‘म्हणजे, म्हणजे’ जमतील तेवढे काढलेत.)

मागच्या वेळी पॅनिक अटॅकवर बोललो, त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. “दादा, थेरपी घ्या म्हणतोस, पण खाजगीत परवडत नाही आणि सरकारीत तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची मिळते. तोवर काय करायचं?” एकीने लिहिलं होतं की तारीख हातात आली तेव्हा बरं वाटण्याऐवजी रडूच आलं. आजचा एपिसोड तिच्यासाठी.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून हिंजवडीत कोड लिहितो. औषधांचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका. पण रांगा कशा तुंबतात हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, आणि ही रांग तर मी स्वतः उभा राहून पाहिली आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑन-कॉलचा फोन वाजला की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. मग कुठलाही फोन वाजला तरी. मग न वाजताही. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. खाजगी सायकॉलॉजिस्टकडे तीनदा गेलो, एका सेशनचे दीड हजार. घरी बहिणीच्या लग्नाचे हप्ते चालू होते, चौथ्यांदा गेलो नाही. मग सरकारी हॉस्पिटल. सकाळी साडेआठला केस पेपरच्या रांगेत, अकराच्या सुमारास सायकियाट्रीच्या ओपीडीत नंबर. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर बाकड्यांवर पन्नास-साठ माणसं बसलेली. मला पाच-सहा मिनिटं मिळाली. गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांनी दाखवा म्हणाले, आणि “काउन्सेलिंग पण घ्या, शेवटच्या खोलीत विचारा.” शेवटच्या खोलीत एक मॅडम आणि एक जाडजूड रजिस्टर. तारीख सात आठवड्यांनंतरची. त्या दिवशी हाफ डे टाकून गेलो, तर मॅडम शिबिराला गेलेल्या. नवीन तारीख, अजून पाच आठवडे.

आणि खरं सांगू? बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर मला हायसं वाटलं. राग नंतर आला. आधी हायसं वाटलं, की चला, आज बोलावं लागलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे यावर परत येतो.

आता एक गोष्ट सुटी करून घेऊ. आपल्याकडे सरकारीत मानसोपचार म्हणजे दोन वेगळ्या रांगा असतात आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. सायकियाट्रिस्ट म्हणजे एम.डी. डॉक्टर, गोळ्या देऊ शकतात. ही रांग लांब दिसते पण त्याच दिवशी संपते. सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलर म्हणजे बोलून उपचार करणारे. ही रांग डोळ्यांना दिसतच नाही, कारण ती कॉरिडॉरमध्ये नसते, रजिस्टरमध्ये असते. त्यामुळे ‘सरकारीत गेलो, लगेच डॉक्टर भेटले’ आणि ‘सरकारीत गेलो, तीन महिने थांबलो’ ही दोन्ही वाक्यं एकाच हॉस्पिटलबद्दल खरी असू शकतात.

मग दुसरी रांग इतकी का तुंबते? माणसं कमी आहेत हे तर आहेच. देशात एक लाख लोकांमागे एकही सायकियाट्रिस्ट पूर्ण येत नाही, आणि सरकारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्याहून दुर्मीळ. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की अँग्झायटी-डिप्रेशनसारखे नेहमीचे त्रास असलेल्यांपैकी साधारण ८५ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. (महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण आपण फार वेगळे असू असं मला वाटत नाही.)

पण नुसत्या कमी माणसांनी सगळं कळत नाही. जरा हिशेब करू. आकडे माझे, समजण्यापुरते. एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे आठवड्यात काउन्सेलिंगचे १६ स्लॉट आहेत. सोळाच का? कारण त्यांना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मुलांच्या आयक्यू टेस्ट करायच्या असतात, शिबिरं असतात, वॉर्डमधले पेशंट असतात, रिपोर्ट लिहायचे असतात. एका माणसाला दर आठवड्याला एक अशी आठ सेशन्स लागतात असं धरा. म्हणजे एका वेळी १६ माणसं आत. दर आठवड्याला सरासरी दोघं संपवून बाहेर पडतात, दोन नवे आत येतात. आता दर आठवड्याला नवीन नावं आली तीन, तर रांग आठवड्याला फक्त एकाने वाढते. फक्त एकाने! पण वर्षभराने रजिस्टरमध्ये ५२ नावं साचलेली असतात, आणि आठवड्याला दोन या वेगाने त्रेपन्नाव्या माणसाची पाळी यायला २६ आठवडे लागतात. सहा महिने. यात कोणी आळशी नाही, कोणी वाईट नाही. सर्व्हर शंभर टक्के भरला की काय होतं ते आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मग हॉस्पिटल काय करतं? तारखा लांब लांब देतं. आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा. आता एका वेळी ६४ माणसं ‘आत’ आहेत, रजिस्टर छान दिसतं, नवीन माणसाला पहिली तारीखही लवकर मिळते. पण स्लॉट तेच १६. आठ सेशन्सना आता आठ महिने. बाहेर पडणारे अजूनही आठवड्याला दोनच. उलट महिन्याभराने भेटल्यावर पहिली दहा मिनिटं “हां, मागच्या वेळी आपण कुठे होतो” यातच जातात. एका प्रोसेसरवर खूप प्रोग्रॅम चालवले की तो कामापेक्षा अदलाबदलीतच दमतो, तसं.

इंग्लंडमध्ये हे बऱ्यापैकी मोजलं जातं. तिथे राहणारा माझा कॉलेजचा मित्र या सेवेतून गेलाय, म्हणून माहीत. एनएचएसची ही टॉकिंग थेरपीजची सेवा २००८ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, ऑनलाइन स्वतःच नाव नोंदवता येतं. टार्गेट असं की ७५ टक्के लोकांचे उपचार सहा आठवड्यांत आणि ९५ टक्के लोकांचे १८ आठवड्यांत सुरू व्हावेत. ऐकायला मस्त. पण हे घड्याळ पहिल्या सेशनला थांबतं. माझ्या मित्राला पहिली भेट महिन्याभरात मिळाली आणि दुसरीसाठी तीन महिने गेले. या दुसऱ्या थांबण्याला तिथे नाव आहे, छुपी प्रतीक्षा. आकडा हिरवा, माणूस अडकलेला. तरी तिथे निदान टार्गेट आहे, त्यावर भांडता येतं. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क देतो, पण काउन्सेलिंग इतक्या आठवड्यांत सुरू झालंच पाहिजे असं टार्गेट नाही.

आता त्या हायसं वाटण्याकडे येऊ, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे. हात फ्रॅक्चर झाला आणि प्लास्टर उशिरा पडलं तर दुखतं, पण तुम्ही हाताला दुखायची नवीन कारणं शिकवत बसत नाही. अँग्झायटीत आपण नेमकं तेच करतो. भीती वाटली, टाळलं, लगेच बरं वाटलं. मेंदू एवढंच शिकतो, की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती जरा आधी येते आणि आपण जरा जास्त टाळतो. बारा आठवडे थांबायचं म्हणजे या गोष्टीचा बारा आठवडे सराव. मी आधी ऑन-कॉलचा फोन टाळायचो. तारखेची वाट बघता बघता अनोळखी नंबर घेणं बंद केलं, मग आईचे फोन “मीटिंगमध्ये आहे” म्हणून कट करायला लागलो. आणि तारीख बदलली की हॉस्पिटल कळवणार कसं? अनोळखी नंबरवरून फोन करून! सिस्टिम बनवणाऱ्याने हा विचारच केलेला नाही.

असं करत करत माणसं गळतात. ज्याने तीन महिने टाळायचा सराव केला तो तारखेलाच येत नाही. त्याचा स्लॉट रिकामा जातो, रांगेतल्या दुसऱ्याला मिळत नाही, आणि रांग तशीच राहते. मीही गळणारच होतो. दुसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री बहिणीला मेसेज केला, “उद्या कॅन्सल करतोय, आता बराच बरा आहे.” तिने फोन केला, मी उचलला नाही. तिने लिहिलं, “बरा आहेस तर फोन उचल.” उचलला शेवटी.

तर मधल्या काळात काय करायचं. जे मला उपयोगी पडलं ते सांगतो.

सगळ्यात आधी अपवाद. जीव द्यावासा वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर ही रांग तुमची नाही. तारखेची वाट बघायची नाही. थेट कॅज्युअल्टीत जायचं, सोबत कोणाला तरी घेऊन, किंवा ११२ ला फोन. आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर पाठ करा. केंद्र सरकारची ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित काउन्सेलर बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. एवढी वाईट अवस्था नसली तरी फोन करता येतो. फक्त ठरलेल्या काउन्सेलरसोबतची दर आठवड्याची थेरपी ती नव्हे, मधल्या दिवसांचा आधार म्हणून बघा.

पहिली रांग सोडू नका. काउन्सेलिंगची तारीख लांब आहे म्हणून मी ओपीडीही बंद करणार होतो, ती चूक ठरली असती. या गोळ्यांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात “काहीच होत नाही” म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने अचानक बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा.

रजिस्टरवाल्या मॅडमना मी दुसऱ्या खेपेला एक प्रश्न विचारला, जो पहिल्यांदाच विचारायला हवा होता. “कोणी आलं नाही तर मला बोलवाल का? मी अर्ध्या तासात पोचतो.” त्यांनी माझा नंबर पेन्सिलने मार्जिनमध्ये लिहून घेतला. अडीच आठवड्यांत फोन आला. हॉस्पिटलचा नंबर मी नावासकट सेव्ह केला होता, म्हणून उचलला गेला. हे दरवेळी जमेल असं नाही, आणि ज्याला रोजंदारी सोडून यावं लागतं त्याला तर अवघडच. पण विचारायला पैसे पडत नाहीत. तसंच, तुम्हाला जायचं नसेल तर कळवा. तो स्लॉट कोणाचा तरी आहे.

टाळण्याचं काय? मी एका कागदावर टाळलेल्या गोष्टी लिहिल्या, सोप्यापासून अवघडपर्यंत. सगळ्यात खाली: आईचा फोन पहिल्या रिंगला उचलणे. सगळ्यात वर: रात्रीचा ऑन-कॉल. रोज खालची एकच पायरी, आणि धडधड कमी होईपर्यंत तिथेच थांबायचं, पळायचं नाही. पहिले चार दिवस भयानक गेले. ऑन-कॉलपर्यंत मी एकट्याने पोचलो नाही, त्यासाठी थेरपीच लागली. पण टाळण्याची यादी वाढायची थांबली. शेजारी तारीख, काय झालं, मनात काय आलं, मी काय केलं, एवढं लिहीत गेलो. पहिल्या सेशनला ती वही पुढे ठेवली आणि मॅडम म्हणाल्या, “बरं झालं, आपला एक तास वाचला.” सोळा स्लॉटच्या हिशेबात एक तास म्हणजे काय ते आता तुम्हाला माहीत आहे.

गुगलवर लक्षणं शोधणं मात्र बंद करा. तो अभ्यास नाही, तीही टाळाटाळच आहे.

नोकरीवाल्यांसाठी एक पटकन. बऱ्याच आयटी कंपन्यांत काही काउन्सेलिंग सेशन्स फुकट असतात, बाहेरच्या संस्थेमार्फत. एचआरला कळेल या भीतीने लोक वापरत नाहीत. गोपनीयतेच्या अटी वाचा, मग ठरवा. इन्शुरन्सबद्दल पण विचारलं होतं बऱ्याच जणांनी. २०१७ च्या कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे ओपीडीतलं काउन्सेलिंग त्यात सहसा बसत नाही. तुमच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का, तेवढं बघा.

आणि ज्यांना या आठवड्यात तारीख मिळाली आहे त्यांनी केस पेपरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. माझा पावसात भिजला होता, आणि नवीन काढायला परत साडेआठची रांग.

पुढचा एपिसोड झोपेवर. शुक्रवारी भेटू.