विंचवाचं बिऱ्हाड, ड्रमरचा टेम्पो

कार्यक्रम संपतो. गायक शाल सांभाळत गाडीत बसतो. गिटारवाला गिटार पाठीला अडकवून सटकतो. बासरीवाल्याचं तर सगळं दुकान शबनममध्ये मावतं. मंचावर उरतो तो एकटा ड्रमर, एकेक नट सैल करत. येताना सगळ्यांच्या आधी, जाताना सगळ्यांच्या नंतर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, याचं टेम्पोत! गावोगाव आणि देशोदेशी फिरणाऱ्या या संसारातल्या काही गमती.

एका पायानं दोघांना घरी पाठवलं

पूर्वी मोठा ड्रम एक जण वाजवायचा, छोटा दुसरा आणि झांज तिसरा. एकाच माणसाला हे सगळं जमावं म्हणून बरेच खटाटोप झाले. शेवटी १९०९ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम लुडविगनं पायानं मोठा ड्रम वाजवायचं चपळ पेडल बाजारात आणलं आणि गणित जमलं. थिएटरवाले खूश झाले, तिघांचं काम एका पगारात! ड्रमरच्या वाट्याला काय आलं? तिघांचं सामान एकट्यानं उचलायचं भाग्य.

घर भाड्याचं, तवा आपला

लांबच्या दौऱ्यावर, त्यातून विमानानं जायचं असेल तर, अख्खा सेट न्यायला परवडत नाही. मग आयोजक तिथेच भाड्याचा सेट उभा करतात. धंद्याच्या भाषेत ही ‘बॅकलाइन’. फेस्टिव्हलमध्ये तर एकाच सेटवर एकामागून एक बँड वाजवून जातात. अशा वेळी ड्रमर स्वतःचं म्हणून मोजकंच आणतो: स्नेअर म्हणजे तो छोटा ड्रम, सिंबल म्हणजे झांज, किकचं, म्हणजे मोठ्या ड्रमचं पेडल आणि स्टिक्स. या ऐवजाला म्हणतात ‘ब्रेकेबल्स’. सिंबल तडकतो, पेडलची स्प्रिंग पायाच्या सवयीनं लावलेली असते. या वस्तू उसन्या देत नाहीत आणि मागतही नाहीत.

आणखी एक गोष्ट हमखास असते. जुना, कडा उसवलेला गालिचा. किकला लाथा बसून बसून सेट पुढे सरकू नये म्हणून तो खाली अंथरायचा. जवळ जाऊन बघा, त्यावर रंगीत चिकटपट्टीचे तुकडे दिसतील. इथे स्टँडचे तीन पाय, इथे पेडल, इथे स्टूल. गालिचा उलगडला की परक्या गावातल्या कोऱ्या मंचावर घराचा नकाशा तयार. आणि किकच्या पोटात डोकावलात तर बऱ्याचदा एक उशी नाहीतर ब्लँकेट सापडेल. आवाज घुमत राहू नये, ‘धप्’ म्हणून थांबावा, यासाठी. झोपेची खरी सोय ड्रमचीच!

महाराजांच्या जन्माआधीची झांज

ड्रमरच्या सिंबलवर ‘झिल्जियान’ हे नाव दिसलं तर मनातल्या मनात नमस्कार करा. ही कंपनी १६२३ ची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सात वर्षं आधीची. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराला तांबं आणि कथिलाचं खणखणीत मिश्रण साधलं. ‘झिल्जियान’ या नावातच झांज घडवणारा हा अर्थ आहे. विसाव्या शतकात कुटुंबानं कारखाना अमेरिकेत हलवला.

आता चारशे वर्षांचं घराणं म्हटलं की भाऊबंदकी आलीच. दोन भावांचं फाटलं आणि १९८१ मध्ये रॉबर्टनं कॅनडात वेगळी चूल मांडली. कंपनीचं नाव ‘साबियन’. कुठून आलं? सॅली, बिल आणि अँडी या त्याच्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं जोडून. आज जगभरातले ड्रमर ‘तू कुठला, झिल्जियान की साबियन?’ म्हणून वाद घालतात. भांडण त्यांच्या घरचं, वकिली आपली.

शेकोटी विझली

हलगीवाल्याला आधी जाळ लागतो. हलगी शेकल्याशिवाय कडाडत नाही. पाश्चात्त्य ड्रमवरही पूर्वी वासराचं कातडंच असायचं. दमट हवेत ते ढिलं पडायचं, कोरड्या गरम हवेत ताणून बसायचं. रोज नवं गाव, रोज नवी हवा, म्हणजे रोज नवा आवाज! १९५० च्या दशकात पॉलिस्टरची पातळ फिल्म कातड्याच्या जागी चालते हे ध्यानात आलं. १९५७ मध्ये रेमो बेली या ड्रमरनंच कंपनी काढून असली पानं विकायला सुरुवात केली. त्या पानांचं नाव ‘वेदर किंग’. पुढच्या दशकात रॉक बँड पावसापाण्यात मैदानं गाजवू लागले, त्याला या प्लॅस्टिकचाही हात आहे.

आठ रबरी चौकोन

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा तारणहार म्हणजे ऑक्टोपॅड. जपानच्या रोलंड कंपनीनं तो १९८५ मध्ये आणला. आठ पॅड, बोटांवर मोजून घ्या. एकावर ढोलकी, दुसऱ्यावर टाळ, तिसऱ्यावर किक, चौथ्यावर टाळ्यांचा कडकडाट. गावच्या जत्रेपासून बेंजो पार्टीपर्यंत त्यानं मुक्काम ठोकला. टेम्पोचं भाडंही वाचलं.

गुडघे टेकलेला मुंबईकर

ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचं नाव घरोघरी माहीत. त्यांचा मुलगा त्रिलोक, जन्म मुंबईतला, साल १९५१. तबल्याची तालीम झाली आणि पुढे जॅझ घेऊन तो जगभर फिरला. ड्रमर म्हणजे स्टुलावर बसणारा, हा नियम त्यानं मोडला. जमिनीवर गुडघे टेकून तो वाजवतो. हाताशी तबला, ड्रम, झांजा आणि चक्क पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली की सूर वाकतो, रडवेला होतो. बाकीचे ड्रमर दौऱ्यावर नळ शोधतात ते हात धुवायला, हा वाद्य भरायला!

दौरा आजारी पडत नाही

३ जून १९६४. बीटल्सचा जगदौरा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता आणि रिंगो स्टारचे टॉन्सिल सुजले. निर्माता जॉर्ज मार्टिननं जिमी निकोल या लंडनच्या ड्रमरला फोन केला. दुपारी थोडी तालीम झाली आणि दुसऱ्या दिवशी निकोल कोपनहेगनमध्ये रिंगोच्याच कपड्यांत मंचावर! पुढे नेदरलँड्स, हाँगकाँग, ऑस्ट्रेलियातलं अॅडलेड. पोरींच्या किंकाळ्या, पोलिसांचे कडे, सगळं याच्या वाट्याला. १४ जूनला मेलबर्नमध्ये रिंगो परतला. निकोलच्या हातात ५०० पौंड आणि सोन्याचं घड्याळ ठेवून निरोप दिला. विमानतळावर तो एकटाच बसलाय, असा त्याचा एक फोटो आहे. आजूबाजूला एकही किंकाळी नाही.

श्रोत्यांत कुणाला ड्रम येतो का?

२० नोव्हेंबर १९७३, सॅन फ्रान्सिस्कोजवळचं काऊ पॅलेस. ‘द हू’ बँडचा ड्रमर कीथ मून नशेत सेटवरच आडवा झाला. सावरून पुन्हा बसवला, पुन्हा आडवा. मग गिटारवाला पीट टाऊनशेंडनं प्रेक्षकांनाच विचारलं, कुणी चांगलं वाजवणारं आहे का? एकोणीस वर्षांच्या स्कॉट हॅल्पिनला मित्रानं पुढे ढकललं. या पोरानं वर्षभर स्टिक धरली नव्हती. तरी तीन गाणी वाजवली, शेवटी बँडबरोबर वाकून अभिवादनही केलं. तिकीट काढून आला होता, कलाकार होऊन परतला.

चावी फिरवणारा मंचावर

जून २००४, इंग्लंडमधलं डोनिंग्टन. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिच आजारी. मग ‘स्लेयर’चा डेव्ह लोंबार्डो आणि ‘स्लिपनॉट’चा जोई जॉर्डिसन मदतीला धावले. पण मजा पुढे आहे. एका गाण्याला लार्सचा ड्रम टेक, म्हणजे रोज त्याचा सेट लावणारा फ्लेमिंग लार्सनच बसला. नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरणाऱ्यालाच घोड्यावर बसवावं, तसं.

खुर्ची सोडली नाही

‘डेफ लेपर्ड’च्या रिक अॅलनला मात्र बदली कलाकार मिळू शकला असता आणि बँडनं तो घेतला नाही. ३१ डिसेंबर १९८४ च्या मोटार अपघातात रिकचा डावा हात गेला. त्यानं इलेक्ट्रॉनिक सेट बनवून घेतला, डाव्या हाताचं काम डाव्या पायाच्या पेडलांना दिलं. १९८६ मध्ये आयर्लंडच्या छोट्या दौऱ्यावर सोबतीला दुसरा ड्रमर होता. एका रात्री त्याला पोचायला उशीर झाला, रिक एकटाच वाजवायला बसला आणि निभावून नेलं. दुसऱ्याची गरज संपली.

घामाचा हिशेब

इंग्लंडमधल्या संशोधकांनी ‘ब्लाँडी’चा ड्रमर क्लेम बर्क याला मंचावरच यंत्रं जोडली. नाडी सरासरी मिनिटाला १४० ते १५०, मध्येच १९० पर्यंत. तासाला ४०० ते ६०० कॅलरी खर्च. फुटबॉलपटूची दमछाक, तीही बसल्या जागी! फरक एवढाच की फुटबॉलपटूला रोज रात्री सामना नसतो.

एक दिवस, दोन खंड

१३ जुलै १९८५, ‘लाइव्ह एड’ हा दोन खंडांतला कार्यक्रम. फिल कॉलिन्स दुपारी लंडनच्या वेम्ब्लीत गायला, मग काँकॉर्ड विमानानं अमेरिका गाठून त्याच दिवशी फिलाडेल्फियात एरिक क्लॅप्टन आणि ‘लेड झेपलिन’साठी ड्रमवर बसला. आवाजापेक्षा वेगानं गेलेला ड्रमर!

वटवाघूळ

‘मोटली क्रू’च्या टॉमी लीनं सेट रोलर कोस्टरवर चढवला होता, वाजवता वाजवता प्रेक्षकांच्या डोक्यावरून उलटा फिरायचा. ३१ डिसेंबर २०१५ ला, निरोपाच्या कार्यक्रमात, यंत्र नेमकं मध्येच अडकलं आणि गडी वरती उलटा लटकत राहिला. म्हणून गालिचा बरा.

टेम्पोत न मावलेली वस्तू

दोन तास वाजवायचं, उरलेले बावीस काढायचे कसे? ‘रश’चा नील पर्ट रोज बसमागच्या ट्रेलरमधून मोटरसायकल उतरवायचा आणि आडरस्त्यांनी पुढचं गाव गाठायचा. ‘रोलिंग स्टोन्स’चा चार्ली वॉट्स निराळा. मोटारी जमवायचा, पण गाडी चालवायला कधी शिकलाच नाही. दौऱ्याचा त्याला मनापासून कंटाळा. तरी पन्नासहून जास्त वर्षं फिरला आणि १९६० च्या दशकाच्या शेवटापासून एक नेम पाळला: ज्या नव्या हॉटेलच्या पलंगावर झोपायचं, त्याचं चित्र काढायचं. वह्याच्या वह्या भरल्या.

स्नेअर, सिंबल, पेडल, गालिचा, सगळं बिऱ्हाड ड्रमर बरोबर नेतो. तेवढा पलंग मागं राहतो. चार्लीनं तोही वहीत घालून नेला.