घरात डिमेन्शियाचा पेशंट आहे? चोवीस तासांचा माणूस ठेवण्याआधी हे ठरवा

तालुका प्रतिनिधी : आमच्या शेजारच्या वाडीतल्या एक काकू दीड वर्षात सलग रात्रभर झोपलेल्या नाहीत. काकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. शेती कधीच वाट्याने दिली. तरी काका रात्री उठतात, लाईट आली असेल, मोटार चालू करायची म्हणतात आणि विहिरीकडे निघतात. मुलगा म्हणतो चोवीस तासांचा माणूस ठेवू. काकूंना भीती एकच, नवऱ्याला परक्याच्या हवाली केलं असं गाव म्हणेल.

गावाचं सोडा. सांभाळणारी बाईच आजारी पडली तर दोघांनाही कोण बघणार?

आधी एक काम करा. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून दुखणं अंगावर काढू नका. बी-१२ कमी झालं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसर पडतो आणि त्यावर औषध आहे. त्यामुळे डॉक्टरांकडून तपासणी करूनच घ्या.

माणूस ठेवताना काय विचाराल?

ब्युरोकडून घेत असाल तर पगारात त्यांचं कमिशन धरलंय का, माणूस मध्येच निघून गेला तर बदली किती दिवसांत देणार, हे लिहून घ्या. ओळखीतून आला तरी आधार, फोटो, गावचा पत्ता घ्या आणि पोलिस ठाण्यात पडताळणी करा. आधी जिथे काम केलं त्या घरी स्वतः फोन लावा. पुरुष पेशंटला उचलणं, अंघोळ घालणं असेल तर शक्यतो पुरुष माणूसच बघा. पेशंटलाही संकोच वाटत नाही.

पहिला आठवडा घरातल्या कुणीतरी सोबत राहावं. काकांना चहा किती गोड लागतो, कशाने चिडतात, कोणत्या नावाने हाक मारली की ऐकतात, हे कागदावर लिहून द्या.

चोवीस तास म्हणजे चोवीस तास जागं नव्हे

इथेच बहुतेक घरं चुकतात. दिवसभर राबलेला माणूस रात्रभर जागा राहू शकत नाही. पेशंट रात्री उठत असेल तर जागायच्या पाळ्या ठरवा. दिवसातून दोन तास मोकळीक, आठवड्याला सुट्टी, वेळेवर जेवण आणि झोपायला नीट जागा द्या. धुणीभांडी आणि गोठा त्याच्याच गळ्यात घालू नका. पगार बँकेतून दिला की दोघांकडे पुरावा राहतो.

चोरीचा आळ आणि खरी काळजी

या आजारात पेशंट वस्तू कुठेतरी ठेवतो, विसरतो आणि चोरली म्हणतो. ऐकल्या ऐकल्या माणसावर तुटून पडू नका. आधी उशीखाली, धान्याच्या कोठीत बघा. पण दागिने, पासबुक, सातबारा, एटीएम पहिल्या दिवसापासून कुलपातच ठेवा. अंगठ्यावर आधारमधून पैसे निघतात, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या. फवारणीची औषधंही कुलपात, आणि विहिरीला जाळी.

अंगावर न सांगता येणारे वळ, दिवसभर गुंगी, माणूस जवळ आला की पेशंट अंग चोरतो, असं दिसलं तर लगेच चौकशी करा. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीच द्यायची नाही. मदतीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे. सांभाळणाऱ्याच्याच मनावर ताण आला तर टेलि-मानस १४४१६ वर बोलता येतं. दोन्ही नंबर मोफत आहेत.

पगार परवडत नसेल तर फक्त रात्रीपुरता किंवा दुपारचे चार तास माणूस बघा. तेवढ्यानेही घरची बाई पाठ टेकवते.

काकूंनी शेवटी होकार दिला. काकांना भरवायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवलंय. माणूस ठेवला म्हणून नातं संपत नाही, फक्त ओझं वाटून घेतलं जातं.