यहूदा, पेत्र आणि आमची आमसभा



कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने ख्रिस्ती धर्मातील क्षमेवर बोलावे, याचे तामलवाडीच्या काही मंडळींना नवल वाटले. मी ख्रिस्ती नव्हे आणि पंडितही नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन पाळी संपल्यावर ग्रंथालयाच्या बाकावर झाले. परंतु विश्वासघाताशी माझा संबंध पुस्तकापुरता नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी सोलापूरकडच्या एका कारखान्यात आमचा संप झाला. आमच्याच कार्यकारिणीतील एका सभासदाने पुढे असणाऱ्यांची नावे मॅनेजरला नेऊन दिली. तिघे बडतर्फ झाले, त्यांत मी एक. दीड वर्षाने तोच गृहस्थ वर्गणी घेऊन युनियनच्या कचेरीत आला आणि पावती फाडा म्हणाला. फाडावी की नाही, यावर रात्री दोन वाजेपर्यंत बैठक चालली. आमच्यात एक वयस्क ख्रिस्ती जॉबर होते. फारसे बोलत नसत. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘हा यहूदा आहे की पेत्र, हे तुम्ही ठरवले काय?’’ त्या प्रश्नापायी मी शुभवर्तमाने वाचली.

यहूदा इस्कर्योत हा बारा शिष्यांपैकी एक, आणि त्यांचा खजिनदार. पैशाची थैली त्याच्याकडे असे. तीस चांदीच्या नाण्यांसाठी त्याने गुरूला धरून दिले आणि खूण म्हणून त्याचे चुंबन घेतले, हे सर्वांना ठाऊक असते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्याला पस्तावा झाला. नाणी घेऊन तो मुख्य याजकांकडे गेला, निरपराध्याचा घात केला असे कबूल केले. त्यांनी हात झटकले. तेव्हा नाणी मंदिरात फेकून त्याने गळफास घेतला. रक्ताचा पैसा खजिन्यात चालत नाही म्हणून याजकांनी त्यातून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत विकत घेतले. नियमाचे असे कडक पालन कचेऱ्यांतून आम्हीही पुष्कळ पाहिले आहे!

त्याच रात्री पेत्रही ढळला. महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी तो शेकत उभा होता. एका दासीने त्याला हटकले. गालील प्रांतातल्या बोलीवरून तो ओळखू आला, जसा आपल्याकडचा माणूस पुण्यात तोंड उघडताच ओळखू येतो. त्या माणसाला मी ओळखत नाही, असे तो तीनदा म्हणाला. कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन रडला.

या दोघांत फरक कोणता? एकाचे पाप मोठे, दुसऱ्याचे लहान, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. यहूदा कबुली द्यायला गेला तो ज्यांनी त्याला पैसे मोजले त्यांच्याकडे. ज्यांचा घात केला त्या सोबत्यांकडे तो आलाच नाही. पेत्र मात्र सोबत्यांत परतला. योहानाच्या शेवटच्या अध्यायात सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचाच विस्तव आहे. तेथे पुनरुत्थित येशू त्याला विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे काय? एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटते. नकार जितके, प्रश्न तितके. झाले गेले विसरून जा, असे कोणी म्हणत नाही. आणि दर उत्तराबरोबर कळप सांभाळण्याचे काम त्याच्या अंगावर पडते. क्षमा म्हणजे पांघरूण घालणे, ही आपली समजूत येथे टिकत नाही.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायाने तर मला चकित केले. भावाने अपराध केला तर प्रथम एकट्याने जाऊन त्याला सांगावे; न ऐकेल तर एकदोघांना साक्षीला न्यावे; तरी न ऐकेल तर मंडळीपुढे ठेवावे. ही तर चौकशीची रीतसर पद्धत झाली. लगेच पुढे पेत्र विचारतो (पेत्रच बरे का!) की क्षमा किती वेळा करावी, सात वेळा पुरे काय? त्याला मिळालेला आकडा वहीत मांडता येऊ नये इतका मोठा आहे. चौकशी आणि अमर्याद क्षमा यांना लेखकाने शेजारी बसवले आहे, ते विचारपूर्वकच असावे.

हे व्यवहारात उतरवताना ख्रिस्ती मंडळीही भांडली. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याने प्रजेने देवतांना बळी अर्पून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती डगमगले. काहींनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक परत आले, तेव्हा तुरुंग भोगलेले समोर उभे होते. रोममध्ये नोव्हेशियनने यांना दार कायमचे बंद केले. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, ज्याचा त्याचा अपराध वेगळा तपासा, प्रायश्चित्त ठरवा, परंतु आशा तोडू नका. छळाच्या दिवसांत तो स्वतः लपून राहिला होता, हे विरोधकांनी त्याला ऐकवलेच. पुढे २५८ मध्ये त्याने मृत्युदंड पत्करला.

रोम आणि कार्थेज राहू द्या. आपल्या पंढरपूरची एक गोष्ट आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू मागे राहिले. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात याचा अर्थ नवरा जिवंतपणी गेला. टिळकांच्या बाजूने पाहिले तर ही सदसद्विवेकाशी निष्ठा. घराच्या बाजूने पाहिले तर उघड दगा. दोन्ही खरे होते. आम्हा युनियनवाल्यांना हे मानणे जड जाते, आम्हाला एकच बाजू हवी असते.

लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पंढरपुरास राहिल्या. दुःखाने खंगल्या. पुढे त्या नगरकडे नवऱ्याजवळ गेल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे आणि चूल वेगळी ठेवून. जातीचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. म्हणजे माणसाजवळ येणे आधी घडले, मत पटणे मागाहून. १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा तापटपणा, उधळा हात, अवचित घर सोडून जाणे, काहीच झाकलेले नाही, तरी वाचणाऱ्याला टिळकांचा राग येत नाही. टिळक १९१९ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले.

आता आमच्या सभासदाचे. जॉबरांच्या सूचनेप्रमाणे प्रथम एक जण त्याच्या घरी गेला, मग दोघे, मग आमसभा. त्याने नावे दिल्याचे सर्वांसमोर सांगितले. मुलीच्या दवाखान्याचे कारणही सांगितले, पण ते सबब म्हणून धरू नका म्हणाला. मी त्याच्याविरुद्ध हात वर केला. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला आणि पावती फाडली गेली. मग जॉबर पुन्हा उठले. बडतर्फ झालेल्या तिघांच्या घरी युनियनची मदत दरमहा पोहोचवायची असे, ते काम यालाच द्या, म्हणाले.

पहिल्या महिन्यात तो माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मी पैसे मोजून घेतले आणि दार लावले. चौथ्या महिन्यात पाऊस होता. बायकोने त्याला आत बोलावून चहा दिला, मग मीही समोर बसलो. आमच्यातल्या तिसऱ्याने मात्र शेवटपर्यंत त्याच्या हातून पैसे घेतले नाहीत. त्याची मदत आम्ही दुसऱ्याकरवी पाठवत राहिलो, आणि त्याबद्दल त्याला एका शब्दाने कोणी विचारले नाही.