बघीरा उसात राहतो

‘द जंगल बुक’ हा सिनेमा भारतात 8 एप्रिल 2016 रोजी लागला. अमेरिकेत तो त्यानंतर एका आठवड्याने लागला. इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला, मराठीत आला नाही. डिस्ने कंपनीने 1967 साली काढलेल्या कार्टून सिनेमाचा हा नवा, ‘खराखुरा’ अवतार. खराखुरा म्हणायचे एवढ्याचसाठी की त्यात नील सेठी नावाचा एक हाडामांसाचा मुलगा आहे. बाकी झाडे, नदी, लांडगे, अस्वल, वाघ सगळे संगणकावर तयार झालेले. तरी भारतात त्या वेळेपर्यंत कोणत्याही हॉलिवूडपटाने मिळवला नव्हता एवढा गल्ला या सिनेमाने मिळवला.

तेव्हा प्रेक्षकांची मते काय होती, हे आठवून पाहावे. वर्तमानपत्रांत, कट्ट्यावर, ऑफिसात एकच चर्चा होती. ग्राफिक्स काय जबरदस्त आहे! नाना पाटेकरांचा शेरखान जुना बरा की नवा? कारण आपल्याकडे मोगली म्हटले की डिस्नेचा नव्हे, तर 1993 च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी लागणारा जपानी कार्टूनमधला मोगली आठवतो. त्याचे हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजचे आणि त्यातही शेरखानचा आवाज नानाचाच. नव्या सिनेमात बघीराला ओम पुरी, बाळूला इरफान खान. एका पिढीने आपल्या मुलांचे बोट धरून आपले बालपण पुन्हा पाहून घेतले. कुणी म्हणाले कार्टूनच भारी होते, कुणी म्हणाले गाणी कमी पडली.

आणखी एक वाद झाला. सेन्सॉर बोर्डाने सिनेमाला यू/ए प्रमाणपत्र दिले, म्हणजे लहान मुलांनी आईबापाबरोबर पाहावा. थ्रीडीमध्ये जनावरे अंगावर आल्यासारखी वाटतात, मुले घाबरतील, असे कारण तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी दिले. शहरातला प्रेक्षक त्यावर पोट धरून हसला. मीही हसलो. मुलांच्या भीतीची काळजी घेणारे एक सरकारी मंडळ या देशात आहे, हे त्या दिवशी कळले.

तो सिनेमा मी दुसऱ्यांदा पाहिला तो आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, घोड नदीच्या काठी, गेल्या गळीत हंगामात. आतेबहिणीचे घर बौद्धवस्तीत. वस्ती गावाच्या टोकाला, आणि वस्तीच्या टोकाला तिचे घर. मागची भिंत संपली की पायवाट, पायवाट संपली की ऊस. समोरच्या मोकळ्या रानात ऊसतोड टोळीच्या कोप्या पडलेल्या. बीडकडची माणसे. दिवस मावळला की त्या कोप्यांतली तीन-चार पोरे ताईच्या घरी टीव्ही बघायला येतात. ‘जंगल बुक’ लागला होता आणि आम्ही दहा-बारा जण पाहत होतो. त्या प्रेक्षकांची मते कुठल्याही पेपरात आलेली नाहीत, म्हणून येथे देतो.

दाजींचे मत इतरांसारखेच, म्हणजे कार्टून चांगले होते. फक्त त्यांच्या कौतुकाला एक शेपूट आहे. 1993 साली टीव्ही गावातल्या एका बड्या घरी होता. गावची पोरे आत सतरंजीवर बसत, वस्तीची पोरे अंगणात. दाराच्या चौकटीतून जेवढा मोगली दिसेल तेवढा पाहायचा. ‘शेरखान कधी नीट दिसलाच नाही, आवाज तेवढा ऐकायचो,’ असे दाजी हसत हसत म्हणाले.

कोपीतल्या आठेक वर्षांच्या मुलीला बघीरा पटला नाही. तिचे म्हणणे, हा खोटा आहे, कारण खरा असा बोलत नाही आणि असा ओरडतही नाही. खरा ओरडतो तेव्हा लाकडावर करवत चालल्यासारखा आवाज येतो. तिने तो आवाज काढून दाखवला. बिबट्याच्या ओरडण्याचे हेच वर्णन प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आहे. ती पुस्तके तिने वाचलेली नाहीत, शाळा तर हंगामात बुडतेच. काळा बघीरा आणि ठिपक्यांचा बिबट्या ही एकच जात, फक्त रंगाचा फरक, हे मी तिला सांगितले. तिने माझ्याकडे असे पाहिले की मामाला आजच कळले का!

भाच्याचा प्रश्न वेगळा होता. हा पोरगा एकटा हिंडतो, हातात ना काठी ना बॅटरी, मोबाईलवर गाणी पण लावत नाही! वनखात्याची माणसे शाळेत येऊन हेच शिकवून जातात. एकटे फिरू नका, काठी आपटत चला, उजेड ठेवा, आवाज करत राहा. तेव्हा मला सेन्सॉर बोर्डाची आठवण झाली. थ्रीडीचा चश्मा न लावता ज्यांच्या अंगावर जनावर येते, त्या मुलांसाठी कोणते प्रमाणपत्र द्यायचे?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, कालवे आले, कालव्यांमागे ऊस आला आणि उसामागे साखर कारखाने. बारा-चौदा महिने उभे राहणारे, पाणी असलेले, माणसाची वर्दळ नसलेले रान बिबट्याला दुसरीकडे कुठे मिळणार? बिबट्याची मादी उसात विते, पिल्ले उसातच वाढतात. तोडणीच्या वेळी फडात पिल्ले सापडणे ही इथली नेहमीची बातमी. जनावर डोंगरातून खाली उतरले म्हणतात, पण आज उसातला बिबट्या उसातच जन्मलेला असतो. 2001 ते 2003 या काळात इथले बिबटे पकडून लांब नेऊन सोडण्याचा सपाटा लावला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून दाखवले की त्यामुळे माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, वर्षाला सरासरी 4 होते ते 17 झाले. पकडलेले बिबटे ठेवायला जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे, तेही अपुरे पडते. आणि 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसे गेली, त्यांतली दोन लेकरे होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, तेव्हा कुठे मुंबईत हालचाल झाली. त्यानंतर त्या भागातल्या बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना आपण फोटोंत पाहिल्या. धनगराच्या कुत्र्याला घालतात तसे पट्टे. पोटासाठी गळ्यात काय काय अडकवावे लागते, याची आपल्या समाजाला वेगळी आठवण करून द्यायला नको.

आता आत्याचे मत. आत्या सत्तरीच्या पुढची. सिनेमाभर प्रत्येक जण मोगलीला सांगतो की तू माणसाचा, तू माणसांच्या गावात जा. बघीरा सांगतो, शेरखान तर रक्ताने सांगतो. आत्या तंबाखू मळत बघत होती. मध्येच म्हणाली, “आरं, गावात जा, गावात जा म्हनत्यात, पन गावात त्याला ठिवनार कुठं? वाड्यात का वस्तीला?”

घरातले सगळे हसले. मला हसू आले नाही. 2016 पासून एवढ्या लोकांनी एवढी मते दिली, हा प्रश्न एकालाही पडला नाही. ज्याची जात ठाऊक नाही असा दहा वर्षांचा उघडा पोरगा हिंदुस्थानातल्या गावात शिरला, तर त्याला पाणी कोण देईल आणि कोणत्या भांड्यातून?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मूळ पुस्तकात आहे, आणि सिनेमावाल्यांनी ते गाळले आहे. रुडयार्ड किपलिंग हा 1865 साली मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मला. साम्राज्याचा कट्टर समर्थक, गोऱ्या माणसाने काळ्यांना सुधारण्याचे ओझे वाहावे म्हणणारा. तो आपला कोणी नव्हे. पण 1894 च्या त्याच्या पुस्तकात मोगली गावात राहायला जातो. गावातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची बायको मेसुआ त्याला आपला हरवलेला मुलगा समजून घरात घेते. म्हणजे आत्याच्या भाषेत, तो वाड्यात जातो. आणि तिथे काय होते? एका कुंभाराचे गाढव मातीच्या खड्ड्यात घसरते. जातीमुळे माणसामाणसांत काय फरक पडतो, याचा मोगलीला पत्ता नाही. तो गाढवाला शेपटी धरून बाहेर ओढतो, वर कुंभाराची मडकी रचायला मदत करतो. खालच्या जातीच्या माणसाला हात लावला म्हणून पुजारी खवळतो, तेव्हा मोगली त्यालाच गाढवावर चढवीन म्हणतो. मग पुजारी मेसुआच्या नवऱ्याला सल्ला देतो की या पोराला लवकर कामाला जुंपा. पुढे तोच गाव त्याला चेटक्या ठरवून दगड मारून हाकलतो.

किपलिंगने हे लिहिले ते अडाणी नेटिवांची टिंगल म्हणून, हे मान्य. पण लिहिले. लांडग्यांत वाढलेल्या पोराला जात कळत नाही, ती माणसांनाच शिकवावी लागते, एवढे त्या साम्राज्यवाद्यालाही दिसले होते. 1967 च्या कार्टूनमध्ये गाव उरला तो डोक्यावर घागर घेतलेल्या एका मुलीपुरता. 2016 च्या सिनेमात तोही नाही, लांबून दिसणाऱ्या मशाली आणि सावल्या तेवढ्या. गावच काढून टाकला की जात काढायची वेगळी गरज उरत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हटले तेव्हा अनेकांना मिरच्या झोंबल्या होत्या. सिनेमावाले जास्त हुशार निघाले, त्यांनी खेडे दाखवलेच नाही.

तरीही नव्या सिनेमात एक प्रसंग असा आहे की तो पाहताना आपल्या माणसाची नजर पडद्याला चिकटते. दुष्काळ पडतो, नदीतली एक शिळा उघडी पडते आणि जंगलात पाण्याचा तह लागू होतो. वाघ आणि हरीण एकाच काठावर पाणी पितात, शिकार बंद. मोगलीला चार पायांनी वाकून पिता येत नाही, म्हणून तो एका वाटीने पाणी काढतो, तर सगळी जनावरे डोळे वटारतात आणि लांडग्यांचा म्होरक्या त्याला दटावतो की या माणसाच्या युक्त्या इथे चालणार नाहीत. पाणी प्यायला मुभा आहे, भांड्याला नाही! महाडला 20 मार्च 1927 रोजी काय घडले हे ज्याला माहीत आहे त्याने हा प्रसंग पाहावा. चवदार तळ्यावर गुरेढोरे पीत होती, माणसांना बंदी होती. अमेरिकन दिग्दर्शकाच्या मनात महाड नसणार, उघड आहे. पण प्रेक्षक आपले डोळे घरी ठेवून येत नाही.

याच कारणासाठी मी जुन्या कार्टूनपेक्षा नव्या सिनेमाच्या बाजूने मत देतो, दाजी रागावले तरी. कार्टूनमध्ये शेवटी मोगली त्या घागरवाल्या मुलीमागे जातो, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या जातभाईंत जावे हाच निकाल. बघीरा आणि बाळू समाधानाने परत फिरतात. 2016 मध्ये तो जात नाही. ज्या युक्त्यांसाठी त्याला दटावले, त्याच वापरून तो शेरखानला संपवतो आणि जंगलातच राहतो. लांडगा होऊन नव्हे, हातातली कला घेऊन. जन्माने ठरवलेली जागा नाकारणे एवढे तरी या सिनेमाने केले. ग्राफिक्सचे कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांनी हा बदल टिपला?

जाता जाता बघीराबद्दल. इंग्रजीत तो ‘ब्लॅक पँथर’. चळवळीतल्या माणसाला हा शब्द ऐकला की जंगल आठवत नाही, 1972 सालची मुंबई आठवते. त्या दलित पँथरच्या संस्थापकांपैकी नामदेव ढसाळ आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे. हे भाच्याला सांगितले तर तो म्हणाला, “मामा, मग आमच्याकडं पँथर पहिल्यापासून आहेत.” यावर मी काय बोलणार!

शहरातल्या प्रेक्षकाला बिबट्या वाचवायचा असतो आणि त्यात गैर काही नाही. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी बांधव वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात, त्यांनाही त्याचा नायनाट नको आहे. कोपीतल्या मुलीनेही बघीराला मारा म्हटले नाही. तिने एवढेच विचारले की सिनेमातल्या पोराला निदान गुहा तरी आहे, आमच्या कोपीला दार कधी बसवणार? दार बसवणे कारखान्याचे काम, मुकादमाचे, की सरकारचे? टोळी दर हंगामाला येते, कोप्या दर हंगामाला उसाच्या कडेलाच पडतात, चार बांबू आणि ताडपत्री. वनखाते पिंजरा लावते तो जनावर येऊन गेल्यावर.

सिनेमा संपला तेव्हा साडेनऊ झाले होते. पोरांना कोपीवर पोचवायचे होते. अंतर असेल साठ-सत्तर पावले. दाजींनी बॅटरी घेतली, भाच्याने काठी, मी मोबाईलवर भीमगीते मोठ्या आवाजात लावली आणि पोरांना मधे घेऊन आम्ही निघालो. उसाच्या कडेला आल्यावर ती मुलगी म्हणाली, “मामा, गाणं थांबवू नका.”