घरघर थांबली तेव्हा

आमच्या घरातली पाच मुलं माझ्या हाताखाली वाढली. त्यामुळे सर्दी-खोकल्याबद्दल मला कुणी शिकवावं, ही कल्पनाच मला मानवत नसे. २०२४ च्या जानेवारीत चार महिन्यांच्या नातवाची छाती भरली, तेव्हा मी रिवाजाप्रमाणे नाकात तेल सोडलं, ओव्याची धुरी दिली. रात्रभर मांजर गुरगुरावं तशी घरघर चालू होती. पहाटे ती कमी झाली. ‘‘सुटला बघ कफ,’’ असं सूनबाईला सांगून मी चहाचं आधण ठेवलं.

तिचं समाधान झालं नाही. तिने बाळाचं झबलं वर केलं, घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. ६८! प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. ‘‘आई, रात्रीपासून लंगोट कोरडा आहे. अंगावरही पीत नाही.’’ आवाज कमी झाला होता तो कफ सुटल्यामुळे नव्हे. बाळ दमलं होतं. हवाच पुरेशी आत जात नव्हती.

डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘‘एकाएकी ठसका लागला होता का? मोठ्या भावंडानं तोंडात शेंगदाणा, मणी घातला होता का?’’ तसं काही नव्हतं. मग तपासून त्यांनी निदान केलं, ब्राँकिओलायटिस. विषाणूमुळे फुफ्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात, त्यांत चिकट कफ अडकतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, की हवेला होणारा अडथळा सुमारे सोळा पट होतो. तान्ह्याच्या नळ्या मुळातच केवढ्या!

मी इंजेक्शनची वाट पाहत होते. मिळाले खारट पाण्याचे थेंब! ते नाकात घालून शेंबूड हलकेच ओढून काढला, ऑक्सिजन लावला आणि नळीने थोडं थोडं दूध दिलं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. दम्याच्या मुलाला आराम देणारी नेब्युलायझरची वाफ इथे सहसा कामाची नसते. खोकल्याचं पातळ औषध तर तान्ह्याला देऊच नये. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरू शकतं आणि धुराने त्रास वाढतो, हे ते सांगत होते तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होते.

चौथ्या दिवशी तो अंगावर प्यायला. खोकला मात्र पुढे तीन आठवडे रेंगाळला.

आता पाळण्यावर सूनबाईच्या अक्षरातला कागद आहे : बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०. तेवढे किंवा जास्त भरले, तर थेट दवाखाना. छाती ओढत असेल, तर मोजत बसायचं नाही.