शिळ्या भाताची न्याहारी

आमचा भंडारा जिल्हा धानाचा. रात्री उरलेला भात गार झाला की त्यात पाणी घालून मडके झाकावे. रात्रभरात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढतात, म्हणून भात आंबूस होतो. सकाळी तो मीठ घालून कुस्करावा. सोबत कांदा नि हिरवी मिरची.

दूरच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कच्ची केळी उकडून कुस्करतात, वर व्हिनेगरमधला कांदा घालतात. या न्याहारीला ‘मांगू’ म्हणतात. ती तिथल्या हॉटेलांतही मिळते. जे पिकते तेच कुस्करून खाणे, ही दोन्हीकडची रीत. आपण मात्र पाहुणा दिसताच मडके आत सरकवतो.

रोवणीच्या दिवसांत हाच भात खाऊन आई दिवसभर चिखलात वाकते. त्याच मजुरीतून आमच्या घरातली पहिली मुलगी कॉलेजात आली. असे अन्न लपवायचे कशाला?