‘असंख्य’, ‘बेसुमार’ आणि ‘सतराशे साठ’ : मराठीतील अगणिततेची शब्दरूपे

मोजण्यापलीकडच्या विपुलतेसाठी इंग्रजीत ‘काउंटलेस’, ‘इन्न्यूमरेबल’, ‘अनटोल्ड’, ‘मिरिअड’ अशी शब्दांची एक रांगच आहे. मराठी भाषांतरात मात्र या सर्वांसाठी बहुधा ‘असंख्य’ किंवा ‘अगणित’ यांपैकी एक शब्द योजला जातो, आणि मराठीची शब्दसंपत्ती या बाबतीत तोकडी असल्याचा समज त्यातून दृढ होतो. प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहावयाचा आहे.

प्रथम व्युत्पत्ती. ‘संख्या’ हा शब्द ‘ख्या’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ सांगणे, प्रकट करणे. ‘आख्यान’, ‘व्याख्या’, ‘ख्याती’ हे शब्द याच कुळातले. म्हणजे ‘असंख्य’ या शब्दाच्या तळाशी ‘जे सांगून संपत नाही’ ही कल्पना आहे. इंग्रजी ‘अनटोल्ड’ची घडण हुबेहूब अशीच आहे, तेथेही ‘टेल’चा जुना अर्थ मोजणे असा होता, आणि बँकेतील रोखपालाला ‘टेलर’ म्हणतात ते त्यामुळेच. दोन्ही भाषांत मोजणे आणि सांगणे या क्रिया एकमेकींना इतक्या लगटून असाव्यात, ही लक्षणीय गोष्ट आहे. ‘गण्’ धातूचे कुटुंब याहून विचित्र आहे. ‘अगणित’ म्हणजे मोजण्यापलीकडचे, ‘नगण्य’ म्हणजे मोजण्याच्याही लायकीचे नसलेले, आणि ‘अग्रगण्य’ म्हणजे ज्याच्यापासून मोजणीस आरंभ करावा तो. अतिशय मोठे आणि अतिशय क्षुद्र, दोन्ही गणनेबाहेर राहतात. एकाच्या वाट्याला विस्मय येतो, दुसऱ्याच्या वाट्याला उपेक्षा. व्याकरणाच्या दृष्टीने ‘अगणित’ हे भूतकालवाचक कृदन्त आहे, हेही येथे ध्यानात ठेवावे. त्याचा शब्दशः अर्थ ‘मोजता न येणारे’ असा नसून ‘मोजले न गेलेले’ असा आहे. या भेदाकडे पुढे यावयाचे आहे.

उपयोजनाच्या पातळीवर पाहू गेल्यास हे शब्द परस्परांच्या जागी सहसा बसत नाहीत. ‘असंख्य माणसे’ म्हणता येते, ‘असंख्य पाणी’ म्हणता येत नाही. ‘अमाप’ला पीक, पैसा, गर्दी चालते, कारण तेथे नग मोजायचे नसून राशीचे माप घ्यायचे असते. ‘अपार’ म्हणजे ज्याला पैलतीर नाही असे. म्हणून तो माया, दुःख, सागर यांच्याजवळ शोभतो, रुपयांजवळ नाही. ‘अपरिमित’ला हानीची ओढ आहे. ‘लक्षावधी’, ‘कोट्यवधी’ या शब्दांत तर ‘अवधी’, म्हणजे मर्यादा, उघड बसलेली असूनही ते मर्यादा पुसण्यासाठीच वापरले जातात.

फारसीकडून आलेल्या ‘शुमार’ या शब्दाने मराठीत जे केले, तसे उदाहरण मला अन्यत्र क्वचितच आढळते. शुमार म्हणजे गणना. त्यापासून जनगणनेला ‘खानेसुमारी’ हा शब्द मिळाला, म्हणजे अक्षरशः घरांची मोजणी. त्याच शब्दापासून ‘सुमारे’ झाले, म्हणजे अदमासे. ‘सुमार’ झाले, म्हणजे बेताचे, मध्यम प्रतीचे. आणि ‘बेसुमार’ झाले. काटेकोर मोजणी, अंदाज आणि मोजणीचा अंत असे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदत आहेत. ‘बेसुमार’ला निषेधाचाही वास आहे: जंगलतोड बेसुमार असते, वात्सल्य बेसुमार नसते. ‘बेहिशेबी’ शब्द याहून पुढे गेला. ‘बेहिशेबी मालमत्ता’ ही पै न् पै मोजलेली असते. तिचा हिशेब देता येत नाही एवढेच.

संस्कृत शब्द विस्मयाने बोलतात, देशी बोली मात्र बहुधा तुच्छतेने. ‘सतराशे साठ भानगडी’, ‘असे छप्पन पाहिले’, ‘पायलीचे पन्नास’ या प्रयोगांत आकडा नेमका आहे आणि अर्थ मात्र अगणिततेचा. चार शेरांच्या एका पायलीत पन्नास माणसे मिळावीत इतकी ती स्वस्त, हा त्यातला डंख. वीस मणांची ‘खंडी’ही अशीच मापातून निसटून ‘खंडीभर पोरे’पर्यंत आली. १९५६च्या वजनमाप कायद्यानंतर पायली व खंडी व्यवहारातून मागे पडत गेल्या, भाषेने त्यांना ठेवून घेतले. माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर मासळीचा बाजार पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये. तेथे मासळी टोपलीने आणि वाट्याने ओळखली जाते; ‘असंख्य बोंबील’ हा शब्दप्रयोग तेथे हास्यास्पद ठरेल. ‘रग्गड’, ‘बक्कळ’, ‘मोप’, ‘चिक्कार’ हे शब्द मात्र सहज खपतील. आपले कोश यांना ‘ग्राम्य’ म्हणून बाजूला सारतात, ते मला मान्य नाही.

येथवरचे विवेचन शब्दकौतुकाचे वाटेल, म्हणून त्याच किनाऱ्यावरचे एक उदाहरण घेतो. १४ एप्रिल १९४४ रोजी माझगावच्या दक्षिणेकडील व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटके. दुपारी चारनंतर लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली. जहाजावरील सोन्याची नोंद चोख होती: ३१ पेट्या, प्रत्येकीत ४ विटा, एकूण १२४. अग्निशमन दलाच्या साठाहून अधिक जवानांनी प्राण गमावले; त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. एकूण मृतांचा आकडा मात्र कोठे ८००, कोठे १३०० असा बदलत राहतो.

आता या मृतांविषयी मराठीत लिहिताना शब्द कोणता योजावा? ‘असंख्य’ म्हटले तर मोजणी मुळात अशक्यच होती असे सुचते, आणि ते खरे नाही. गोदीतला हमाल हा नग म्हणून मोजता येण्याजोगाच होता. ‘अपरिमित’ हानी म्हटले की माणसे आणि गासड्या एका राशीत जातात. ‘सुमारे’ प्रामाणिक आहे, पण त्याला आकड्याचा आधार लागतो, आणि येथे आधारच डळमळीत आहे. ‘बेहिशेब’ या शब्दात कोणीतरी हिशेब द्यायला हवा होता हा आरोप आहे, आणि तो आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. राहतो ‘अगणित’. रूढ अर्थाने तो अतिशयोक्तीचा, परंतु कृदन्ताच्या मूळ अर्थाने, म्हणजे ‘मोजले न गेलेले’ या अर्थाने, येथे तो अचूक बसतो. इंग्रजीत याच अर्थासाठी ‘काउंटलेस’हून वेगळा ‘अनकाउंटेड’ शब्द आहे. मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच रूपात कोंबले गेल्याने वाचक पहिलाच अर्थ घेतो. म्हणून अशा ठिकाणी विशेषण सोडून सरळ क्रियापद वापरावे, ‘त्यांची मोजणी झाली नाही’ असे लिहावे, हे मला अधिक योग्य वाटते.